साडेसव्वीस इंच

मौलाली आला तेव्हा वैशाख होता,
आणि मी खोलीभर ओल्या चादरी टांगल्या होत्या,
आमच्याच गल्लीतल्या, काठात दोष निघालेल्या,
लाकडाच्या घशाला कोरड पडू नये म्हणून.
सोलापूरच्या उन्हात पातळ फळी
रात्रीतून तडकते, हूं की चूं न करता.

चादरी सारत तो आत आला
नि डावा हात टेबलावर ठेवला.
मधली दोन बोटं नव्हती.
अक्कलकोट रोड, रातपाळी, एवढंच म्हणाला.
मग म्हणाला, गिटार पाहिजे.
एका बोटानं वाजंल अशी.

मी हसलो नाही. माप घ्यायला लागलो.
बाजारातली गिटार हुकूम सोडते:
मनगट असं वळव, चार बोटं चार घरांत पसर.
तिच्यापुढं याला उभं करण्यात अर्थ नव्हता.
सूरच खाली उतरवायचे होते याच्यासाठी,
मोकळ्या तारा छेडल्या की आपोआप
सा आणि प एकमेकांत बसावेत,
आणि एक बोट आडवं टाकलं
की सगळं बिऱ्हाड वरच्या घरात जावं.

बोलायला सोपं.
उतरवलेली तार सुस्तावते,
पडद्यांवर फडफडते, सुरातून घसरते.
म्हणून तारेची लांबी वाढवली, साडेसव्वीस इंच,
सहावी जाड घेतली, जवळजवळ सुतळी,
घोडीवरचं हाड तिच्या बाजूनं केसभर मागं सरकवलं,
आणि पोटातल्या पट्ट्या रंधून रंधून इतक्या हलक्या केल्या
की फळीवर टिचकी मारली तर
रिकाम्या रांजणासारखी बोलायला लागली.

आमच्या घरात सैल ही शिवी आहे.
नायना चाळीस वर्षं यंत्रमागावर.
शंभर मागांच्या खडखडाटात
कुठल्या मागाचा ताणा ढिला पडलाय
ते पाठमोरे ओळखायचे.
आता त्यांना कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही.

बाजूंसाठी मी आजोबांच्या हातमागाचं सागवान काढलं,
खाटेखाली पन्नास वर्षं मुरलेलं.
म्हटलं, याहून चांगलं काय देणार याला?
मनात जरा फुगलोही होतो.
मौलालीनं फळी हातात घेतली,
वास घेतला, परत ठेवली.
"नक्को उस्ताद. मागाचं नक्को."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.
मिरजेहून तुणीचं लाकूड मागवलं,
कुणाच्या तरी तंबोऱ्यातून उरलेलं.
तीन हजार जास्तीचे गेले, ते त्याला सांगितले नाहीत.
सागवान पुन्हा खाटेखाली.

तो न्यायला आला त्या दुपारी वीज गेली होती.
अशोक चौकापासून पुढं सगळे माग गप्प.
त्यानं खुंट्या पिळल्या, मी सांगितलं तिथवर,
मग सहावी आणखी थोडी खाली सोडली.
"आता बास," मी म्हणालो,
"याच्याखाली सूर राहत नाही."
"राहतंय की," तो म्हणाला,
आणि तारेवरून अंगठा सोडला.

माझ्या हिशोबाच्या बोटभर खाली,
जरासा खरखरत,
पण राहिला होता.

नायना आतून आले, लुंगी सावरत.
ऐकू काही आलं नसणार,
आमची तोंडं बघूनच पुढं झाले असतील.
गिटारच्या बगलेवर त्यांनी तळवा टेकला,
जसा मागाच्या चौकटीवर टेकायचे.
मौलाली थांबला नाही, एक बोट वरखाली नेत राहिला.
बऱ्याच वेळानं नायना म्हणाले,
"वदुलुगा उंदि."
सैल आहे.

हात मात्र त्यांनी काढला नाही,
वीज आली, गल्ली पुन्हा खडखडू लागली,
तरीही.